निर्दोष ठरलेल्याचे प्रायश्चित्त

पिंकर्टन संस्थेत प्रत्यक्ष हेरगिरीची चाकरी केलेल्या डॅशिएल हॅमेटने १९३० साली ‘द माल्टीज फाल्कन’मध्ये जो सॅम स्पेड उभा केला, तो आपल्या भागीदाराच्या पत्नीशी संबंध ठेवूनही त्याच भागीदाराच्या खुनाचा छडा लावल्यावाचून राहत नाही, आणि अमेरिकन रहस्यकथेतील खाजगी गुप्तहेराचे चारित्र्य तेव्हापासून जे डागाळले, ते पुन्हा उजळ करण्याची इच्छा तेथील समर्थ लेखकांना क्वचितच झाली.

या कुळातील मला सर्वांत निकटचा वाटणारा पुरुष म्हणजे लॉरेन्स ब्लॉकने १९७६ मध्ये प्रथम वाचकांपुढे आणलेला मॅथ्यू स्कडर. न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यात असताना, कामाची पाळी संपल्यावर तो ज्या मद्यालयात बसला होता, तेथे दोघा दरोडेखोरांनी मद्य देणाऱ्या नोकराचा खून केला. त्यांच्या पाठलागात स्कडरने झाडलेल्या गोळ्यांपैकी एक उसळली आणि तिने एका लहान मुलीचा प्राण घेतला. खात्याने त्याला निर्दोष ठरविले, इतकेच काय, दप्तरी त्याची प्रशस्तीही नोंदली. त्याने मात्र राजीनामा दिला, पत्नी आणि दोन मुलगे यांचा संसार सोडला, आणि हॉटेलातील एका खोलीत दारूच्या संगतीने, परवान्यावाचून, ओळखीपाळखीच्यांची कामे करून तो राहू लागला.

ज्याच्यावर फिर्यादच नाही, त्याला माफी तरी कोणी द्यावी? मिळकतीचा दहावा हिस्सा स्कडर वाटेत जे चर्च उघडे दिसेल त्याच्या दानपेटीत टाकतो, मृतांसाठी मेणबत्त्या लावतो, आणि श्रद्धा तर त्याच्यापाशी नाही. देव मानीत नसतानाही देवाचा वाटा न चुकता काढून ठेवणाऱ्या या माणसाची ही निष्ठा मला त्याच्या तपासकौशल्याहून कितीतरी मोलाची वाटते.

तथापि त्याचे सर्वच आचरण मला मान्य आहे असे नाही. पहिल्याच कादंबरीत तो खऱ्या अपराध्याला न्यायासनापुढे न नेता आत्मघातास प्रवृत्त करतो. स्वतःच्या हातून घडलेल्या अपघाती मृत्यूचा भार ज्याला पेलवत नाही, त्याने दुसऱ्याच्या मृत्यूचा हुकूम इतक्या शांतपणे द्यावा, हे मला क्रूर वाटते. परंतु ब्लॉक त्यावर कसलीही मखलाशी करीत नाही, आणि त्याच्या या प्रामाणिकपणामुळेच स्कडरविषयीचा आपला आदर आपल्याला पुनःपुन्हा तपासून पाहावा लागतो.

१९८२ च्या ‘एट मिलियन वेज टू डाय’मध्ये तो मद्यमुक्तीच्या सभांना जाऊन बसतो, आणि बोलण्याची पाळी आली की आज आपण केवळ ऐकणार, असे सांगून ती टाळतो. खुनी कोण, याचा उलगडा होऊन गेल्यावरही कादंबरी संपत नाही आणि वाचकही तिला सोडीत नाही. कारण आपण मद्यपी आहोत ही कबुली स्कडरच्या तोंडून ऐकण्याची त्याला आता खुन्याच्या नावाहून अधिक ओढ लागलेली असते, आणि ब्लॉक त्याला ती अगदी शेवटच्या पानावर ऐकवितो.