चांदीचे पाणी आणि निळी कातडी

चांदीच्या दोन तारा, डिस्टिल्ड वॉटर आणि ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एवढ्या भांडवलावर घरच्या घरी ‘कोलॉइडल सिल्व्हर’ तयार करून पिण्याचे खूळ अमेरिकेत बरेच जुने आहे. परवा माझ्या एका पेशंटच्या इंजिनीअर मुलाने विचारले, “डॉक्टर, तारेच्या दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिअँपिअर प्रवाह ठेवावा?” प्रश्न हुशारीचा आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

प्रवाहाची घनता वाढली की चांदी भराभर सुटते, कण मोठे होतात, पाण्यात काळपट गाळ धरतो. कमी ठेवली तर पाणी स्वच्छ दिसते. इथपर्यंत ठीक. पण तारेतून किती चांदी सुटली हे घनतेवर ठरत नाही. ते प्रवाह गुणिले वेळ यावर ठरते. फॅरडेचा हा नियम आपण बारावीला घोकलेला आहे. १ मिलिअँपिअर प्रवाह तासभर सोडला की सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. तार दुप्पट बुडवा, घनता निम्मी होईल, चांदी तेवढीच. ती सगळी लिटरभर पाण्यात उतरली आणि त्यातले पाव लिटर प्यायले, तर पोटात १ मिलिग्रॅम गेली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने धरलेली रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम आहे. तिपटीहून जास्त झाले की नाही? शिवाय चांदी विरघळते तसे पाणी अधिक वीजवाहक होते आणि त्याच बॅटरीवर प्रवाह आपोआप वाढत जातो. मीटर न लावणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

शरीरात गेलेली चांदी त्वचेत साठते आणि उजेडाने काळवंडते. कृष्णधवल फोटोच्या फिल्मवर घडायचे तसेच. चेहरा, हात निळसर राखाडी होतात. याला आर्जिरिया म्हणतात. हा रंग घालवणारे औषध नाही. लेसरने काहींचा थोडाफार उजळतो. मोंटाना राज्यातले स्टॅन जोन्स यांनी, २००० साल उजाडताच संगणक बंद पडून अँटिबायोटिक मिळेनाशी होतील या भीतीने, १९९९ पासून हे पाणी घरी करून घेतले. २००२ मध्ये ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांच्या निळ्या चेहऱ्याचीच बातमी झाली.

चांदी जंतू मारते हे खोटे नाही. भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम मीही वर्षानुवर्षे लावत आलो आहे. पण ते कातडीवर. पोटात घेतलेल्या चांदीने एखादा रोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच अशी औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत असा नियम केला. (बारशाला आलेल्या चांदीच्या वाटी-चमच्याने बाळाला खुशाल भरवा, तिथे कोणी बॅटरी जोडत नाही.)

त्या मुलाला मी प्रवाहाचा आकडा शून्य सांगितला.

जे कोणी हे पाणी घेत असतील त्यांनी ते बंद करावे आणि आपल्या डॉक्टरांना न लाजता सांगावे. थायरॉईडची गोळी किंवा डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांपैकी काही चालू असेल तर आवर्जूनच, कारण चांदीमुळे ही औषधे पोटातून नीट शोषली जात नाहीत.