जुना ‘ऑब्लिव्हियन’ नव्या रूपात: यवतमाळच्या खेळाडूच्या हाती काय?

बेथेस्डा कंपनीचा २००६ सालचा ‘द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन’ हा अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग गेम २२ एप्रिल २०२५ रोजी ‘रीमास्टर’ होऊन परतला. रीमास्टर म्हणजे जुन्याच गेमला नवं रूप देणं. कथा, शहरं आणि मोहिमा त्याच आहेत. आतलं इंजिनही जुनंच आहे. दृश्यं मात्र अनरियल इंजिन ५ दाखवतं.

अडचण आकाराची आहे. मूळ गेमला किमान ५१२ एमबी रॅम आणि ४.६ जीबी जागा लागायची. रीमास्टरला किमान १६ जीबी रॅम, चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि १२५ जीबी जागा हवी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या खेळाडूकडे मोबाइलचा रोजचा दीड जीबी डेटाच असेल, तर १२५ जीबीला सुमारे ८३ दिवस लागतील. मूळ गेम चौथ्या दिवशी उतरेल.

म्हणूनच जुनी आवृत्ती विक्रीत राहणं महत्त्वाचं ठरतं. २०१८ मध्ये ‘डार्क सोल्स’चा रीमास्टर आला, तेव्हा स्टीमवर मूळ आवृत्तीची विक्री थांबली. ‘ऑब्लिव्हियन’च्या बाबतीत तसं झालं नाही. रीमास्टर आल्यानंतरही मूळ गेम विक्रीला राहिला. साध्या संगणकावर खेळणाऱ्यांसाठी तोच खरा दिलासा आहे.