रिकामा हात आणि रंगीत पट्टा

बुद्धविचारांवर चालणाऱ्या शाळेत कराटे कशाला, असा प्रश्न काही पालक विचारतात. त्याचे उत्तर त्या विद्येच्या नावातच आहे. ओकिनावा बेटावरील शिक्षक गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली तोक्योत तिचे प्रात्यक्षिक केले. त्या काळी ‘करा’ हे अक्षर ‘चिनी’ या अर्थाने लिहीत. फुनाकोशींनी उच्चार तोच ठेवून ‘रिक्त’ या अर्थाचे अक्षर स्वीकारले व त्याचा आधार प्रज्ञापारमिता हृदयसूत्रातील शून्यतेत शोधला. आधी प्रहार करायचा नाही, ही त्यांची शिकवण कामाकुरा येथील एंगाकुजी या झेन विहारात शिळेवर कोरलेली आहे. (बोधिधर्माने ही विद्या भारतातून चीनला नेली, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. तिला भक्कम ऐतिहासिक पुरावा नाही. कालामसुत्त वाचणाऱ्यांनी तरी ही कथा जपून सांगावी.)

मला अधिक बोलका वाटतो तो या परंपरेचा परदेशातील इतिहास. वासेदा विद्यापीठात फुनाकोशींपाशी शिकलेले त्सुतोमु ओशिमा १९५५ साली अमेरिकेस गेले. तोक्योतील ‘शोतोकान’ ही गुरूंची वास्तू १९४५ च्या बॉम्बवर्षावात भस्मसात झाली होती. ज्यांच्या विमानांनी ती जाळली, त्यांच्याच देशात शिष्य शिकवू लागला. १९५७ साली कॅलिफोर्नियातील कॅलटेक येथे अमेरिकेतील पहिले विद्यापीठीय कराटे मंडळ उभे राहिले. त्याच वर्षी गुरू निवर्तले. पुढे ‘शोतोकान कराटे ऑफ अमेरिका’ ही संस्था वाढली. ती नफ्यासाठी चालत नाही. तेथे पट्टे तीनच: पांढरा, तपकिरी, काळा. काळ्या पट्ट्याची पाचवी श्रेणी ही अखेरची. इतरत्र दहावीपर्यंत चढतात. ओशिमांनी त्यापुढची पायरी बांधलीच नाही.

आणि आपल्याकडे? एका गावातील वर्गात मी रंगारंगांचे पट्टे पाहिले आणि प्रत्येक रंगामागे परीक्षेची फी. आईवडील ऊसतोडीला गेलेल्या एका मुलीची लाथ सर्वांत नेमकी होती. पट्टा मात्र तीन वर्षे पांढराच. पैसे भरणारी मुले तिच्या पुढे उभी राहत. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेवर बोट ठेवले, ती कमरेला बांधून आपल्या मैदानावर यावी काय?

शिक्षकालाही पोट आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच त्यांचे मानधन शाळेने द्यावे. ते मुलांच्या परीक्षांतून वसूल होऊ नये. पट्टे तीनच असावेत, परीक्षा निःशुल्क असावी आणि वर्गाआधी दहा मिनिटे आनापान व्हावे. पहिल्या वर्षाच्या खर्चाचा भार आम्हा माजी विद्यार्थ्यांवर टाकावा. माझा वाटा मी कार्यालयात जमा केला आहे.