कौतुक कोणाचे करता?

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आमच्या बीडच्या घरी फराळाला सगळे जमले होते. चकल्या नेहमीप्रमाणे जरा कडक, करंज्या नेहमीप्रमाणे उत्तम, आणि गप्पा नेहमीप्रमाणे पावसापासून निघून उसाच्या वाटेने राजकारणावर आलेल्या. आमचा भाचा पुण्याला नोकरीस असतो. त्याने खिशातून फोन काढला आणि सर्वांना एक चित्रफीत दाखवली. उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्योंगयांगला, लष्कराचे संचलन चालले होते. हजारो पावले एकदम उठत होती, एकदम पडत होती. मागून ताडामाडाएवढी क्षेपणास्त्रे गाड्यांवर लादून येत होती, आणि वर सज्जात उभा राहून किम जोंग उन टाळ्या वाजवीत होता.

"मामा, माणूस असावा तर असा!" भाचा म्हणाला. "एवढासा देश, पण अमेरिकेला घाम फोडला. हातात बॉम्ब असला की कुणी डोळे वटारीत नाही. आपल्याकडे असा एक पाहिजे. सगळे सरळ होतील."

कोणीही त्याला नाही म्हटले नाही. उलट दोघा-तिघांनी माना डोलावल्या. आमच्या आत्याबाई, वय वर्षे सत्त्याऐंशी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी फोन मागून घेतला, डोळ्यांपाशी धरला आणि म्हणाल्या, "ह्या राजाच्या गावातली एखादी म्हातारी दाखव की रं. ती काय म्हणती, ते ऐकू दे."

भाच्याने बरीच बोटे फिरवली. संचलने पुष्कळ निघाली. म्हातारी काही निघाली नाही. मग चहा आला आणि विषय बदलला. मला त्या वेळी बोलणे सुचले नाही, ते आज बोलतो. भाच्याचा रोष पत्करून बोलतो, कारण हे कौतुक एकट्या भाच्याचे नाही. चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या बाकावर, शिकल्यासवरल्या माणसांच्या दिवाणखान्यात ते रोज ऐकू येते.

ज्याचे हे कौतुक, तो आहे कोण? आजोबा १९४८ साली गादीवर बसले, १९९४ साली ते वारल्यावर वडील बसले, आणि २०११ च्या डिसेंबरात वडील वारल्यावर हे चिरंजीव बसले. नाव लोकशाही प्रजासत्ताक, व्यवहार वतनदारीचा. २०१३ च्या डिसेंबरात या गृहस्थाने आपल्या सख्ख्या आत्याच्या यजमानांना देहदंड दिला. भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी ज्यांच्या घरी आत्या आणि मामंजी फराळाला येतात, त्यांनी या एका गोष्टीचा तरी विचार करावा. त्या देशात एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जायला परवाना लागतो. रेडिओ सरकारी केंद्रावर बांधलेला असतो. दक्षिण कोरियातली नाटके-मालिका वाटणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा देणारा कायदा २०२० साली झाला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ साली अहवाल दिला. त्यात राजकीय कैद्यांचा अंदाज ८०,००० ते १,२०,००० असा दिला आहे. आणि १९९० नंतरच्या दशकात तिथे जो दुष्काळ पडला, त्यात लाखो माणसे अन्नावाचून मेली. दुष्काळ म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याला कोणी सांगायला नको. पण आमच्या दुष्काळात निदान 'आम्ही उपाशी आहोत' असे ओरडता येते. वर्तमानपत्रात छापता येते. मोर्चा काढून कलेक्टर कचेरीपुढे बसता येते. उपाशी माणसाला 'मी उपाशी आहे' असे म्हणण्याचीही बंदी असेल, तर तो दुष्काळ कसला? ती कैद आहे.

अशा माणसाने बॉम्ब केला. अण्वस्त्रे न पसरवण्याच्या करारात त्याचा देश १९८५ साली सामील झाला होता, त्यातून २००३ साली बाहेर पडला आणि २००६ ते २०१७ या काळात त्याने सहा चाचण्या केल्या. शेवटची, ३ सप्टेंबर २०१७ ची, हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बपेक्षा अनेक पटींनी मोठी होती. हिरोशिमाच्या बॉम्बने १९४५ साल संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मारली, हे ध्यानात ठेवले म्हणजे 'अनेक पटींनी' या शब्दांचा अर्थ लागतो. आज त्याच्यापाशी सुमारे ५० अण्वस्त्रे असावीत, असा स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेचा २०२५ चा अंदाज आहे.

"असतील. पण कोरिया कुठे आणि बीड कुठे?" असे भाचा म्हणेल. याचे उत्तर कोरियात शोधायला नको. ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणीत आहे.

प्योंगयांगच्या राजवटीची घोषणा झाली ती ९ सप्टेंबर १९४८ रोजी. त्यानंतर आठच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि आपला मराठवाडा मोकळा झाला. एकाच महिन्यात जगाच्या एका कोपऱ्यात एक दार लागले आणि इथे एक दार उघडले. इथले दार लागलेले असताना काय होते? सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी घ्या, असे बजावणारी 'गश्ती निशाण ५३' होती. अंबाजोगाईच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांना शाळा सोडून सत्याग्रहात उतरावे लागले आणि तुरुंगाच्या वाऱ्या कराव्या लागल्या. चहूबाजूंनी हिंदुस्थान, मध्ये एक संस्थान. पण निजामाने १९४७ च्या जूनमध्ये जाहीर केले की आपण स्वतंत्र राहणार. १५ ऑगस्टला दिल्लीत झेंडा चढला, आणि आम्ही आणखी १३ महिने अंधारात. लातूरचा वकील कासिम रझवी रझाकारांचा पुढारी झाला. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादच्या रस्त्यावर खून झाला. ते मुसलमान होते, हे मुद्दाम सांगतो. जुलमाला विरोध करण्याचा मक्ता कोणा एका धर्माकडे नव्हता. आणि मुक्तीनंतर सूड म्हणून निरपराध मुसलमानांच्या ज्या कत्तली मराठवाड्यात झाल्या, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. तेही आपल्याच इतिहासाचे पान आहे, ते फाडून टाकता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या निजामालाही शस्त्रे हवी होती. सिडने कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ साली कराचीहून रात्रीच्या रात्री विमाने भरून त्याला बंदुका आणि दारूगोळा पोचवीत होता. तेवढ्याने भागले नाही. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून निघाले आणि पाच दिवसांत सारे आटोपले.

वाचकहो, क्षणभर एवढीच कल्पना करा की कॉटनच्या विमानातून बंदुकांऐवजी एकच अणुबॉम्ब आला असता. सरदार पटेलांनी सैन्याला निघण्याचा हुकूम दिला असता? त्यांना आधी सोलापूर, पुणे, नागपूर येथील माणसे मोजावी लागली असती. पाच दिवसांत संपलेली कारवाई पाच वर्षांतही सुरू झाली नसती. खलिते गेले असते, वाटाघाटी झाल्या असत्या, मोठी राष्ट्रे 'निजामाला चिडवू नका' म्हणून सल्ला देत बसली असती. आणि गश्ती निशाण ५३ आमच्या पोरांनी, नातवांनी पाठ केली असती. आणि दूर कुठे तरी, फराळ करता करता, एखादा पोरगा निजामाच्या फौजेचे संचलन पाहून म्हणाला असता, "माणूस असावा तर असा!"

एकलकोंड्या हुकूमशहाच्या बॉम्बचा पहिला बळी शेजारी नसतो; त्याची स्वतःची प्रजा असते. तो बॉम्ब म्हणजे तुरुंगाच्या दाराला बाहेरून घातलेले कुलूप आहे. बाहेरच्याने दार उघडायचे म्हटले तर बॉम्बची धमकी. आतल्यांनी उघडायचे म्हटले तर जगच घाबरते, की हा पडला तर ती अस्त्रे कोणाच्या हाती लागतील? म्हणून त्याच्या शत्रूंनाही तो बसलेलाच बरा वाटू लागतो. २०२२ च्या सप्टेंबरात त्याने कायदाच केला, की आपल्या हुकमाच्या यंत्रणेवर हल्ला झाला तर अण्वस्त्रे आपोआप सुटावीत. मेलो तर साऱ्या वाड्याला काडी लावून मरेन, असे म्हणणाऱ्या घरधन्याला आपण शूर म्हणतो काय?

शेजारी दुसरा बळी. आणि या हिशेबात बीड दूर नाही. पाकिस्तानने ६ एप्रिल १९९८ रोजी 'घौरी' क्षेपणास्त्र उडवले. ते उत्तर कोरियाच्या 'नोडोंग'वरून घेतलेले. त्याचा पल्ला १,५०० किलोमीटर, असा पाकिस्तानचा दावा. कराचीपासून बीड सरळ रेषेत सुमारे १,१०० किलोमीटर. पुढच्याच वर्षी, १९९९ च्या जूनमध्ये, कारगिलचे युद्ध चालू असताना, गुजरातेत कांडला बंदरात एक उत्तर कोरियन जहाज अडवले गेले, तेव्हा त्यात पाकिस्तानकडे निघालेले क्षेपणास्त्रांचे भाग सापडले. २००४ साली पाकिस्तानचे शास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांनी दूरचित्रवाणीवर आपल्या अपराधाची कबुली दिली. त्यांच्या गिऱ्हाइकांत उत्तर कोरिया होता. जगाशी ज्याचे बोलणे नाही, त्याचा बाजार मात्र जगभर चालतो. आधी क्षेपणास्त्रे विकली. २०२४ साली हजारो तरुण सैनिक रशियाच्या लढाईत मरायला पाठवले. आमचा भाचा ज्याला टाळ्या वाजवतो, त्याचाच माल आमच्या छपराच्या दिशेने तोंड करून उभा आहे.

आता एक खरा आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. "बॉम्ब आपणही केला. हिरोशिमावर तो टाकला ती तर लोकशाहीच होती. मग त्यालाच का नावे ठेवता?" बरोबर आहे. बॉम्ब कोणाच्याही हाती पवित्र होत नाही, आणि पोखरणच्या स्फोटानंतर पेढे वाटणारे हात मला तेव्हाही आवडले नव्हते. पण आपला इतिहास जरा तारखांनी वाचा. १९७४ साली पोखरणला पहिला स्फोट झाला. १९७५ साली आणीबाणी आली. म्हणजे बॉम्बही होता आणि तोंडाला टाळेही होते. १९७७ साली मतपेटीने ते टाळे काढले. बीडने त्या वर्षी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांना लोकसभेत धाडले. त्याआधी १९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटलांना धाडले होते. तेव्हा हा लेख अमेरिकेची वकिली करण्यासाठी आहे, असे कोणी समजू नये. लाल झेंडा या जिल्ह्याच्या ओळखीचा आहे. पण तो झेंडा खांद्यावर घेणारी माणसे लोकांपुढे हात जोडून मते मागत होती. ज्याला मते मागावी लागतात, त्याला उत्तर द्यावे लागते. ज्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही, त्याच्या हातातला बॉम्ब सर्वांत भयंकर. म्हणून आपल्या बॉम्बबद्दल प्रश्न विचारण्याची सवय आपणही सोडता कामा नये. ती ज्या दिवशी सुटेल, त्या दिवशी प्योंगयांग आणि आपण यांत फरक उरणार नाही.

"मग करायचे काय? युद्ध?" नव्हे. सीमेपासून सोल शहर जेमतेम ५० किलोमीटरवर आहे. तिथल्या पोराबाळांच्या जिवावर शौर्य दाखवण्याचा अधिकार कोणाला नाही. बोलणे चालू ठेवावे. १९९४ सालच्या एका कराराने त्या देशाची प्लुटोनियमची भट्टी आठ वर्षे थंड ठेवली होती; अपुरे असले तरी ते काही थोडे नव्हे. आणि कोरियाशी आपला जुना संबंधही आहे. १९५३ साली कोरियातले युद्ध थांबले, तेव्हा मायदेशी परत जाऊ न इच्छिणाऱ्या २२,००० हून अधिक कैद्यांची राखण करायला जी भारतीय फौज गेली, तिचे सेनापती आपले मराठी जनरल शंकरराव थोरात होते. प्रत्येक कैद्याला 'तुला कुठे जायचे आहे?' असे विचारले जावे, यासाठी ती फौज तिथे उभी होती. ८८ जण म्हणाले, इकडेही नको आणि तिकडेही नको; ते भारतात आले. एका साध्या माणसाला त्याची इच्छा विचारली जावी, यासाठी आपल्या देशाने हजारो कोसांवर सैनिक पाठवले होते. कौतुक करायचे तर याचे करावे.

आणि आपण घरी बसून करण्यासारखे एक काम आहे. पुढच्या खेपेला कोणी फोन पुढे करून 'आपल्याकडे असा एक पाहिजे' म्हणाला, तर गप्प बसू नये. आम्ही गेल्या वर्षी गप्प बसलो. 'असा एक' आपल्याकडे होता. १३ महिने त्याने या जिल्ह्याला स्वातंत्र्याबाहेर कोंडून ठेवले, आणि तो गेला तेव्हा लोकांनी दिवाळी दीड महिना आधी केली.

आत्याबाईंना मी नंतर विचारले, की त्यांनी म्हातारीच का मागितली. त्या म्हणाल्या, "रझाकारांच्या वक्ताला आमची आजी दिवसभर बोलायची न्हाई. दिवा बारीक करायची आन् बसून ऱ्हायची. पोलीस अॅक्शन झाल्यावर तिनं पहिल्यांदा शेजारणीला मोठ्यानं हाक मारली. ती हाक मला अजून ऐकू येती."

यंदाच्या पाडव्याला भाचा येईल. फोनही आणील. मी त्याला एवढेच म्हणणार आहे, की बाबा, त्या देशात कोणी म्हातारी शेजारणीला मोठ्याने हाक मारीत असेल, तर तेवढी ऐकव. तोपर्यंत तो फोन खिशात ठेव, आणि करंजी घे.