पाचटाला काडी लावू नका, भाजीचा वाफा करा



आपल्या हिंगोली जिल्ह्यात, वसमतपासून औंढ्यापर्यंत, तोडणी झाली की कितीतरी फडांना काडी लागते. आम्हांस हे पटत नाही. एकरी सुमारे चार टन पाचट जळून जाते. घरात मात्र मेथीची जुडी येते ती आठवडी बाजारातून!

सन 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. टनेज आपण मोजतो, घरातल्या ताटाचे काय?

एक टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो जिवाणू संवर्धक व शेणकाला द्यावा, ओल टिकवावी. तीन-चार महिन्यांत खत होते. ते विहिरीजवळच्या गुंठाभर जागेत घालून मेथी, पालक, चुका, अंबाडी आलटूनपालटून पेरावी.

कंपोस्टने पानातले लोह दुप्पट होते, असे आम्ही म्हणणार नाही. पण जमीन भुसभुशीत होते, ओल धरते, भाजी रोज हाताशी येते. अहो, गुण येतो तो रोज खाल्ल्याने! वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागेल.

यंदा निदान पाव एकराचे पाचट राखा. आणि पहिली जुडी बाजारात नव्हे, घरच्या चुलीवर जाऊ द्या.

— ऊस विकास अधिकारी