पांडुरोग, मज्जा आणि व्याधिक्षमत्व

देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी पांडुतेचा रुग्ण आला की लोह-मंडूराचे कल्प योजण्याचा आपला परिपाठ आहे आणि बहुतेक रुग्णांत तो फलदायीही ठरतो. परंतु पांडुतेसोबत हिरड्यांतून रक्तस्राव, त्वचेवर जांभळे ठिपके व वारंवार ज्वर असेल, तर प्रथम रक्ताची संपूर्ण मोजणी करावी. तांबड्या व पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ही तिन्ही घटलेली आढळल्यास विकृती मज्जेत असू शकते. (बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावातही असेच चित्र दिसते, ते तपासणे सोपे आहे.)

पॉल एर्लिख यांनी १८८८ साली वर्णिलेल्या अप्लास्टिक ॲनिमियात बहुतांश रुग्णांच्या मज्जेतील मूलपेशी त्यांच्याच टी-लसिकापेशी नष्ट करतात. म्हणूनच प्रत्यारोपण शक्य नसता अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन व सायक्लोस्पोरिन देऊन प्रतिकारशक्ती दडपली जाते आणि पुष्कळ रुग्णांची मज्जा पुन्हा कार्यरत होते.

व्याधीच्या बलास विरोध करणे व व्याधीची उत्पत्ती रोखणे, असे व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ चक्रपाणींनी सांगितले. स्वतःच्याच धातूवर चालून जाणारे बल यांपैकी कशातच बसत नाही. मग ‘रोगप्रतिकारशक्तिवर्धक’ असे छापलेले कल्प अशा रुग्णास द्यावेत काय? आमचे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत स्वयंप्रतिकारसदृश यकृतविकार नोंदविला. त्या वनस्पतीचे विश्लेषणच झाले नाही, हा आयुष मंत्रालयाचा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. तथापि त्याने मूळ शंका मिटत नाही. सायक्लोस्पोरिनची चिठ्ठी घेऊन आलेल्या ग्राहकास काढ्याची बाटली सुचवू नये, एवढी अपेक्षा औषधी दुकानदार बंधूंकडून गैर नव्हे.

निदान होईपर्यंत बस्ती, रक्तमोक्षण व मांसगत सूचीवेध वर्ज्य समजावेत. प्लेटलेट व पांढऱ्या पेशी घटलेल्या असता रक्तस्राव व जंतुसंसर्ग या दोहोंचे भय असते. भारतातील पहिले मज्जा प्रत्यारोपण २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. आज तरुण रुग्णास सख्ख्या भावंडाची जुळणारी मज्जा मिळणे हा उत्तम मार्ग मानला जातो. नातलग मोठ्या मायेने रक्त द्यावयास धावतात, पण प्रत्यारोपणापूर्वी भावंडांचे वा आईवडिलांचे रक्त चढविल्यास रुग्णाचे शरीर पुढे तीच मज्जा नाकारण्याचा धोका वाढतो. रक्त रक्तपेढीतूनच घ्यावे, हे त्यांना आपणच समजावावे आणि परभणीस वा पुढे पाठविताना आपण दिलेल्या रसकल्पांची नावे, मात्रा व कालावधी पत्रात न लपविता लिहावा.