कागद आधी समजावा, मग अंगठा उठवावा

आम्ही महसूल खात्याच्या कारकुनीत उभी हयात घालवून अलीकडेच सेवानिवृत्त झालो. आमचे शिक्षण मराठी शाळेपुरतेच. तथापि बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे असंख्य कागद ह्या काळात आमच्या हाताखालून गेले. त्या अनुभवाच्या आधारे एका नव्या साधनाविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. मोबाईलमधील कृत्रिम बुद्धीचे यंत्र हल्ली कायद्याचा कागद सोप्या मराठीत समजावून देते. शेतकऱ्याने त्याचा उपयोग करावा की नाही, असे आम्हांस वारंवार विचारण्यात येते. आमचे मत असे की, अवश्य करावा. परंतु तो कागद समजून घेण्यापुरता करावा, निर्णय त्याजवर सोपवू नये.

प्रथम गरज किती आहे ते पाहू. काही वर्षांमागे घाटाखालील एका गावची बाई आमच्या मेजापाशी येऊन उभी राहिली. वडील वारल्यावर भावाने तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन तिची सही घेतली होती. “मले तं वारसाचा कागद हाय म्हनून सांगतलं होतं, भाऊसाहेब,” असे ती म्हणाली. कागद हक्कसोडपत्राचा होता. 2005 सालच्या दुरुस्तीने हिंदू कन्येस वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राइतकाच हक्क दिला आहे. तो हक्क तिने स्वहस्ते सोडला होता, आणि सोडला हे तिला ठाऊक नव्हते. पुढे फेरफाराची नोटीसही तिला पोचली; ती तिने देवघरात जपून ठेविली होती! हरकतीचे 15 दिवस लोटले, नोंद प्रमाणित झाली, आणि सातबारावर एकट्या भावाचे नाव राहिले. अशी नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदा खरी मानतो. आता बाईने दिवाणी दावा लावावा, वर्षानुवर्षे खेटे घालावे, एवढेच उरले.

येथे आम्हांस एक कबुली देणे भाग आहे. तसल्याच भाषेतील शेकडो नोटिसा आम्ही स्वतः लिहिल्या आहेत. “उपरोक्त विषयांकित प्रकरणी हितसंबंधितांनी विहित मुदतीत” असे लिहिण्यात आम्हांस भूषण वाटे. ज्याच्या हाती ती पडणार त्यास ती कळेल काय, हा विचार आमच्या मनास फारसा शिवला नाही. चूक शेतकऱ्याच्या अज्ञानाची जितकी, तितकीच आमच्या लेखणीचीही होती.

कोणी म्हणतील, गावात शिकलेली माणसे आहेत, तालुक्यास दस्तलेखक व वकील आहेत. मग यंत्र कशास हवे? त्यास आमचे उत्तर असे. कागद वाचून दाखविणारा मनुष्य बहुधा ज्याचा त्यात लाभ असतो तोच असतो. गहाणखत सावकार वाचून दाखवितो, खरेदीखत घेणारा वाचतो, आणि हक्कसोडपत्र भाऊ वाचतो. यंत्रास आपल्या शेतात वाटा नको असतो. शिवाय तेच वाक्य दहा वेळा विचारले तरी ते त्रासत नाही, आणि घरी बसून विचारण्यात लाजही वाटत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली ‘सुवास’ नामक अशाच यंत्राचा अवलंब केला असून त्याच्या साह्याने इंग्रजी निकाल मराठीसह देशी भाषांत आणण्यात येतात. मात्र अशा भाषांतरित निकालावर स्पष्ट सूचना असते, की हे भाषांतर पक्षकारास समजण्यापुरते आहे, अधिकृत प्रत इंग्रजीच होय. न्यायालयाने घातलेली ही मर्यादाच आपणही पाळावी.

ती न पाळल्यास काय होते? 2023 साली अमेरिकेतील न्यूयॉर्क येथे दोन वकिलांनी यंत्राने सांगितलेले निकाल न तपासता न्यायालयापुढे ठेविले. ते निकाल कधी झालेच नव्हते! न्यायालयाने 5000 डॉलर दंड केला. आम्हीही घरी पुतण्याच्या मोबाईलवर परीक्षा करून पाहिली. हक्कसोडपत्राचा नमुना दाखविताच यंत्राने उत्तम अर्थ सांगितला : “ह्या सहीने तुमचा हिस्सा कायमचा जातो व मोबदला काही मिळत नाही.” हे एवढे वाक्य त्या बाईस वेळेवर ऐकावयास मिळते तर! परंतु जुन्या उताऱ्यावरील ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे त्याने आडनाव समजून वाचली. ती ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ ह्याची खूण होय, म्हणजे जमीन एकट्याची नसून साऱ्या कुटुंबाची. पुढे फेरफाराच्या हरकतीची मुदत विचारली, तेव्हा नोटिशीत 15 दिवस लिहिलेले असताना यंत्राने 30 दिवस असे बेधडक सांगितले. त्याजवर विसंबणारा सोळाव्या दिवशी निश्चिंत झोपेल.

म्हणून शेतकरी बंधूंनी पुढील शिस्त पाळावी. कागद सहीच्या आधी निदान एक रात्र घरी आणावा. “आत्ताच सही करा” असे जो म्हणेल त्याची शंका धरावी. यंत्रास “मी काय करू?” असे न विचारता, “ह्यात माझे काय जाते, काय येते, व कोणत्या तारखेपर्यंत?” असे विचारावे, आणि प्रत्येक उत्तरास “हे कागदावर कोणत्या ओळीत आहे?” असा जाब घ्यावा. ती ओळ डोळ्यांनी पाहावी. न सापडल्यास ते उत्तर टाकून द्यावे. तारीख नेहमी मूळ कागदावरूनच घ्यावी. आधार क्रमांक व बँकेचे खाते झाकूनच कागदाचे छायाचित्र द्यावे. अखेरीस शंका घेऊन वकिलाकडे जावे. ज्यास ऐपत नाही त्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. 1987 च्या कायद्यान्वये स्त्रियांस तर उत्पन्न न पाहता तेथे मोफत वकील मिळतो. फेरफार आपल्याविरुद्ध प्रमाणित झाला असल्यास अपिलास 60 दिवस असतात, हेही ध्यानी ठेवावे.

सरकारी कचेऱ्यांसही आमची विनंती आहे. यंत्र अर्थ सांगते, आता सोपे कशास लिहावे, असे त्यांनी म्हणू नये. प्रत्येक नोटिशीच्या माथ्यावर काय होणार, कोणाचे, आणि केव्हापर्यंत बोलावे, एवढ्या तीन ओळी साध्या मराठीत लिहिण्यास खर्च काहीच नाही. आम्ही सेवेत असताना हे केले नाही, ह्याची खंत आम्हांस आहे. जे आज त्या मेजावर बसले आहेत त्यांनी तरी करावे. आणि शेतकऱ्यांनी नोटीस देवघरात ठेवण्यापूर्वी ती त्याच दिवशी कोणाकडून तरी, निदान यंत्राकडून, वाचवून घ्यावी.